वाड्यातल्या रात्रीच्या सीनला सस्पेन्स येत नाही, कुठलं म्युझिक टाकू?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात शॉर्टफिल्म करताय, रात्री मुलगी घरात एकटी आहे, वरच्या मजल्यावर कोणीतरी आहे आणि सीन सपाट वाटतोय. म्युझिकचं शेवटी सांगतो. मी साउंडचं काम करतो. सेटवर आवाजाबद्दल काही बोललं की "डबिंगमध्ये बघू" म्हणायचं आणि एडिटला सीन पडला की म्युझिक शोधत बसायचं, या सवयीचा मला मनापासून राग आहे.

वर कोणीतरी आहे, हे प्रेक्षकाला मुलीच्या आधी कळलं पाहिजे. दोघांना एकदम कळलं तर प्रेक्षक दचकतो आणि दोन सेकंदांत विसरतो.

वाड्याच्या लाकडी जिन्यात एखादी पायरी करकरतेच. ती आधी, दिवसाउजेडी, घरातलं कोणीतरी चढताना एकदा वाजू द्या. तिच्यावर क्लोजअप नको, संवाद नको. मग रात्री मुलगी नळाखाली कळशी भरतेय आणि मागे तीच पायरी वाजते. पाण्यामुळे तिला ऐकू येत नाही, आपल्याला येतं.

इथे कळशी फार कामाची आहे. भरत जाते तशी आतली हवेची पोकळी कमी होते आणि आवाजाची पट्टी चढत जाते. आता नळ बंद होणार, हे प्रेक्षकाच्या कानाला आपोआप कळतं, त्यासाठी व्हायोलिन लागत नाही. पण हा आवाज शूटवर घेऊ नका, संवादात मिसळला की वेगळा काढता येत नाही. शॉटच्या वेळी कळशीच्या तळाशी स्पंज घाला, धार जवळजवळ मुकी होते. नंतर स्पंज काढून रिकाम्यापासून काठोकाठ एका दमात रेकॉर्ड करा. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास. चित्र कितीही वेळा कापा, हा ट्रॅक मधे कापू नका. कापला की पट्टी उडी मारते आणि ताण तिथेच संपतो.

पायरी वेगळी रेकॉर्ड करा, माइक एक-दीड फुटावर, वजन हळूहळू टाकत. लांबून घेऊन नंतर व्हॉल्यूम वाढवलात तर खरखरही वाढते. मिक्समध्ये पायरी मोठी करण्यापेक्षा ती ज्या फ्रिक्वेन्सीला वाजते तिथे पाणी तीन-चार डीबी कापा. नळ बंद झाला की चार-पाच सेकंद काही नको. मात्र ट्रॅक पूर्ण शून्य ठेवलात तर आवाज गेला असं वाटतं, म्हणून त्याच खोलीचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे कोणी बोलत-हलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज, घेऊन ठेवा. त्या वेळी फ्रिजचा प्लग काढा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे प्लग परत लावल्याशिवाय कोणी घरी जात नाही. शूट डिसेंबर-जानेवारीत ठेवा. नाशिकच्या थंडीत पंखा बंद ठेवता येतो, मे महिन्यात कोणी ठेवू देत नाही.

कॅमेरा मुलीवर, मागे जिन्याचं दार. लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ १.८ इतकं उघडू नका, मागचं इतकं धूसर होतं की दार ओळखूच येणार नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स असेल तर एफ ४ पासून सुरुवात करा. पायरी वाजल्यावर फोकस दाराकडे नेऊ नका. प्रेक्षकाला तिकडे बघावंसं वाटतं आणि तुम्ही नेत नाही, ताण त्यातच आहे. पुश-इन, म्हणजे कॅमेराच हळूहळू पुढे नेणं, करायचाच तर वीस सेकंदांत दोन फूट, पण वाड्याच्या ओबडधोबड फरशीवर डॉली (कॅमेऱ्याची चाकांची गाडी) हादरते. एडिटमध्ये झूम केलं तर मागचं दार आणि चेहरा सारखेच वाढतात, तो परिणाम येत नाही. त्यापेक्षा ट्रायपॉड बरा.

लाइट कमी म्हणजे सस्पेन्स, हा गैरसमज आहे. अंधारात शूट केलेल्या फुटेजमध्ये नॉइज येतो आणि यूट्यूबवर काळ्या भागाचे चौकोन पडतात. नीट एक्सपोज करा, नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड सुधारताना, एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). चेहऱ्याची काळी बाजू उजळ बाजूपेक्षा तीन स्टॉप खाली हवी. चुन्याच्या पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात, म्हणून फ्रेमबाहेर त्या बाजूला काळं कापड टांगा. दाराशी झिरो बल्ब पुरे. शटर १/५०, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे लपलपतात. स्वस्त डिमर लावलेला एलईडी मात्र तरीही लपलपतो, आधी टेस्ट करा.

आता म्युझिक. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून एखादा ड्रोन, म्हणजे खालच्या पट्टीतला सलग लांबणारा सूर, घ्या आणि नळ बंद होण्याआधी काढून टाका. ४० हर्ट्झची घरघर फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, त्यापेक्षा बरंच वरच्या पट्टीतलं काही निवडा. आणि हो, हे सगळं हळू चढणाऱ्या ताणाबद्दल झालं. तुम्हाला फक्त दचकवायचं असेल तर यातलं निम्मं लागत नाही.

सगळं बजेट कॅमेऱ्याच्या भाड्यात घालू नका. साउंडवाल्याला रेकीलाच (शूटआधी जागा बघायला जाताना) न्या, थेट शूटच्या दिवशीच बोलावू नका. कुठली पायरी वाजते, पहाटे कुठल्या देवळाचा भोंगा सुरू होतो, हे तो तिथेच सांगेल. मिक्स झाल्यावर साध्या फोनवर ऐका, पायरी हरवत असेल तर पाणी अजून दोन डीबी खाली घ्या.