2022 चा फुटबॉल विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना खरंच आजवरचा सर्वोत्तम होता का? सर्वोत्तम ठरवायचं तरी कशावरून?

प्रश्नाखाली तुम्ही तीन हरकती लिहिल्या आहेत. फ्रान्स 80 मिनिटं खेळलंच नाही, सहापैकी तीन गोल पेनल्टीवर झाले, आणि निकालही पेनल्टी शूटआउटनं लागला. तिन्ही खऱ्या आहेत. तरी माझं उत्तर ‘हो’ आहे. तुमची पहिली हरकत तर मला त्या सामन्याची सर्वांत मोठी ताकद वाटते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत असताना लेफ्ट विंगला, म्हणजे डाव्या कडेनं आक्रमणात, खेळायचो. तो सामना मी कसा पाहिला ते आधी सांगतो, कारण सर्वोत्तम कशाला म्हणायचं हे मला त्याच रात्री कळलं.

18 डिसेंबर 2022, रविवार. त्याच दिवशी राज्यात हजारो ग्रामपंचायतींचं मतदान होतं, आमच्याही गावात. साडेपाचला मतदान संपलं, मशीन तालुक्याला गेल्या, निकाल 20 तारखेला होता. दिवसभर एकमेकांकडे न पाहणारी दोन्ही पॅनलची पोरं रात्री साडेआठला चौकातल्या पानठेल्याच्या टीव्हीपुढे एकाच शेकोटीला बसली होती. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बॅटरी घेऊन शेताकडे निघाले होते. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाइन रात्री दहाला यायची आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. लाइनला वेळ होता म्हणून ते थांबले. सत्तरीचा माणूस, तरुणपणी कबड्डी खेळलेला, फुटबॉल जन्मात कधी पाहिलेला नाही.

त्यांनी पाहिलं ते असं. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी दि मारियाला डाव्या बाजूला उतरवलं होतं, आणि फ्रान्सच्या त्या बाजूला नुसती दाणादाण उडाली होती. फ्रान्सच्या देंबेलेनं त्याला पाडलं, 23 व्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली. 36 व्या मिनिटाला आपल्या अर्ध्या भागातून निघालेला चेंडू मेस्सी, आल्वारेझ, मॅक अॅलिस्टर असा फिरत दि मारियाच्या पायाशी आला आणि जाळ्यात गेला. जवळजवळ सगळे पास एकेका स्पर्शाचे. गोल झाल्यावर दि मारिया रडत होता. विंगर म्हणून सांगतो, इतका देखणा गोल अंतिम सामन्यात मी दुसरा पाहिलेला नाही. फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी तर 41 व्या मिनिटालाच जिरू आणि देंबेले दोघांना बाहेर काढलं. तेव्हाच्या विश्वविजेत्या संघाच्या प्रशिक्षकानं मध्यांतरापर्यंतही दम धरला नाही, यावरून फ्रान्सची अवस्था काय असेल ते समजा.

दहा वाजत आले तसे मोठेबाबा उठले. “झालं हे. आता कायले पाह्यता?” म्हणाले आणि निघून गेले. पानठेल्यावर कोणीही त्यांना थांबवलं नाही, कारण सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

तुम्ही ज्या 80 मिनिटांना कंटाळवाणी म्हणता, त्या मिनिटांचं काम हेच होतं. सामना संपला आहे असं बघणाऱ्याच्या मनात पूर्ण बसवायचं. अंदाज म्हणून नाही, खात्री म्हणून. पहिल्यापासून बरोबरीत चालणाऱ्या सामन्यात धाकधूक असते, पण उठून घरी निघालेल्या माणसाला वाटेतून परत आणायची ताकद त्यात नसते.

अर्जेंटिनाच्या ओतामेंदीनं फ्रान्सच्या कोलो मुआनीला पाडलं आणि 80 व्या मिनिटाला एम्बाप्पेनं पेनल्टीवर गोल केला. 97 सेकंदांनी दुसरा. मेस्सीच्याच पायातून कोमाननं चेंडू हिसकावला, थुरामनं वरून दिलेला चेंडू एम्बाप्पेनं जमिनीवर पडूही दिला नाही. आमच्याकडची एम्बाप्पेवाली दोन पोरं निकालासाठी आणून ठेवलेले फटाके घेऊन आली आणि चौकातच लड लावली. पाचेक मिनिटांत माझा फोन वाजला. मोठेबाबा.

“फटाके कायचे होय बे? निकाल त वीस तारखेले हाय ना?”

मी म्हटलं, निवडणुकीचे नाहीत, सामना दोन-दोन झाला. ते गप्पच झाले. मग म्हणाले, “थांब, मोटारीजवळ ऐकू येऊन नाई रायलं. तिकडं जातो. तू सांगत राय.”

तिथून पुढे जवळजवळ तासभर मी तो सामना फोनवर सांगितला. ज्याला ऑफसाइड माहीत नाही, एकाही खेळाडूचं नाव माहीत नाही, अशा माणसाला सांगितला. डावपेच सांगून उपयोग नव्हता. कोण, कुठून, काय करायला धावतोय आणि काय झालं, एवढंच सांगता येत होतं. आणि तेवढ्यात सगळं बसत होतं. माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे: न पाहिलेल्या माणसाला नुसता सांगितला तरी ज्याचा जीव टांगणीला लागतो, तो सामना मोठा.

जादा वेळेत 108 व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्टिनेझचा फटका फ्रान्सचा गोलकीपर लोरिसनं अडवला आणि परत आलेला चेंडू मेस्सीनं आत ढकलला. फ्रान्सच्या कुंदेनं तो बाहेर काढला खरा, पण तोवर चेंडूनं रेषा ओलांडली होती. “म्हंजे आता जिकले?” “हो मोठेबाबा, दहा मिनिटं राहिलीत.” आणि तेवढ्यात मोंतिएलच्या हाताला चेंडू लागला. हा मोंतिएल अर्जेंटिनाचा, जादा वेळेतच मैदानात आलेला बदली बचावपटू. 118 व्या मिनिटाला एम्बाप्पेचा तिसरा गोल. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल याआधी फक्त इंग्लंडच्या जेफ हर्स्टनं केले होते, 1966 मध्ये.

नंतरचा मिनिट-दीड मिनिट मी शाळेतल्या पोरांना अजून दाखवतो. 120 मिनिटं उलटून गेली आहेत. फ्रान्सच्या कोनातेनं मागून लांब चेंडू टाकला, ओतामेंदीच्या डोक्यावरून गेला, आणि कोलो मुआनी गोलकीपरसमोर एकटा. अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ आधी कुठेही झेपावला नाही. तो पुढे आला, उभा राहिला आणि फटका सुटताना हातपाय फाकवून आडवा पसरला. चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागून उडाला. लगेच तोच चेंडू दुसऱ्या टोकाला गेला आणि लाउतारोनं मोकळं हेडर बाहेर घालवलं. एका मिनिटाच्या आत विश्वचषक दोनदा हातातून निसटला, एकदा फ्रान्सच्या, एकदा अर्जेंटिनाच्या. माझ्या गोलकीपर पोराला मी एवढंच म्हणतो, त्याचे पाय पाहा, किती उशिरापर्यंत जमिनीवर आहेत. घाई करणाऱ्या गोलकीपरच्या पोटाखालून चेंडू जातो.

आता शूटआउटबद्दल. नुसत्या शूटआउटनं सामना मोठा होत नाही, हे मला मान्य आहे. 1994 चा ब्राझील-इटली अंतिम सामना 120 मिनिटं गोलशून्य राहिला आणि बाजोचा चेंडू बारवरून गेला म्हणून संपला. बाजोसाठी वाईट वाटतं, पण तो सामना कोणाला मुद्दाम बसवून दाखवावा असा नाही. 2022 मध्ये मात्र शूटआउटनं आधीचाच धागा पुढे नेला. कोमानचा फटका मार्टिनेझनं अडवला, चुआमेनीचा बाहेर गेला, आणि अर्जेंटिनाच्या चौथ्या फटक्याला आला मोंतिएल. मी नाव घेतल्याबरोबर फोनवरून प्रश्न आला, “हात लागला तो तोच काय?” हो, तोच. त्यानं चेंडू मारला, लोरिस दुसऱ्या बाजूला गेला. 4-2. मोठेबाबा म्हणाले, “त्याच्यानंच गेलं होतं, त्याच्यानंच आलं.” तुमची पेनल्ट्यांची हरकत मला इथे लंगडी वाटते. ती तिसरी पेनल्टी झाली नसती तर या शेवटच्या पेनल्टीला हा अर्थ आला नसता.

याला टक्कर देणारे सामने आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय माझं ‘हो’ पोकळ ठरेल.

1960 चा युरोपियन कपचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, ग्लासगो, रेआल माद्रिद 7, आइंट्राख्ट फ्रँकफर्ट 3. माद्रिदच्या पुश्काशचे चार गोल, दि स्टेफानोचे तीन. खेळ म्हणून पाहिला तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण माद्रिद हरेल ही भीती फार काळ टिकत नाही, आणि भीती नसली की ते प्रदर्शन होतं. 2005 चा त्याच स्पर्धेचा इस्तंबूलमधला लिव्हरपूल-मिलान अंतिम सामना मात्र माझ्या मते 2022 च्या अगदी जवळ येतो. मध्यांतराला मिलान 3-0 पुढे, मग सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल, जादा वेळेत शेव्हचेन्कोचे लागोपाठ दोन फटके लिव्हरपूलचा गोलकीपर दुदेकनं अडवले. तिथेही सामना आधी पूर्ण संपला होता. पण लिव्हरपूलनं बरोबरी साधल्यावर पुन्हा गोलच झाला नाही. पारडं फिरलं ते एकदाच.

तसाच 1950 च्या विश्वचषकातला ब्राझील-उरुग्वे सामना. 16 जुलै, रिओचं माराकाना, पावणेदोन लाखांच्या आसपास तिकिटं काढून आलेली माणसं. अंतिम गटातला तो शेवटचा सामना, ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती, आणि आधीच्या दोन सामन्यांत त्यांनी स्वीडनला 7-1, स्पेनला 6-1 असं धुतलं होतं. मध्यांतरानंतर लगेच ब्राझीलचा गोल झाला. तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत घेऊन पंचाशी हुज्जत घालत राहिला. गोल रद्द होणार नाही हे त्याला कळत होतं. त्याला फक्त गर्दीचा आवाज खाली आणायचा होता. मग स्किआफिनोचा गोल, 79 व्या मिनिटाला घिज्जियाचा गोल, उरुग्वे 2-1. घटना म्हणून याच्या तोडीचं फुटबॉलमध्ये काही नाही, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. पण तो सामना सांगताना मी दरवेळी बार्बोसापाशी अडखळतो. ब्राझीलचा गोलकीपर. घिज्जियाचा गोल त्याच्या जवळच्या खांबाकडून आत गेला, आणि 2000 मध्ये मरेपर्यंत देशानं त्याला ते विसरू दिलं नाही. मोंतिएलला चूक भरून काढायला थोड्याच वेळात संधी मिळाली, बार्बोसाला पन्नास वर्षांत मिळाली नाही. मला मोंतिएलचा सामना जास्त मोठा वाटतो.

आणि एक आपला, ज्याला या यादीत कोणी घेत नाही. 4 सप्टेंबर 1962, जकार्ता, आशियाई खेळांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला खेळांपासून दूर ठेवल्याबद्दल भारताचे क्रीडा पदाधिकारी सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता, म्हणून तिथला जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला होता. भरलेलं स्टेडियम आपल्या संघाविरुद्ध ओरडत होतं. गटात याच कोरियानं आपल्याला 2-0 हरवलेलं. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले होते, तर प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे आक्रमणात उतरवलं. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलचे गोल झाले, शेवटी भारत 2-1. रहीमसाहेबांना कॅन्सर होता. पुढच्याच जूनमध्ये ते गेले. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की मी पोरांना वर्गात बसवून हा सामना सांगतो, आणि टाके पडलेला जर्नेल डोक्यानं हेडर मारणार का, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. माझ्या कसोटीला हा पूर्ण उतरतो. तरी मी तो पहिला ठेवत नाही, कारण आपण सुरुवातीलाच दोन गोलांनी पुढे गेलो. उरलेला वेळ टिकून राहण्याचा होता. तुम्हाला सर्वांत प्रिय सामना विचारायचा असता तर मी हाच लिहिला असता.

एक विनंती आहे. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की तुम्ही 2022 चा सामना नंतर तुकड्या-तुकड्यांत पाहिला असावा. पूर्ण पाहा, पहिल्या मिनिटापासून. दुसऱ्या सत्रात फ्रान्सचा एकही फटका गोलकडे जात नाही तो भाग पुढे ढकलू नका.

त्या रात्री मोठेबाबांनी स्प्रिंकलरचे पाइप बदललेच नाहीत. एकाच पट्ट्यात पाणी होत राहिलं. सकाळी मी शाळेत निघालो तर ते ओट्यावर बसलेले. मला वाटलं मेस्सीबद्दल विचारतील, 2014 चा अंतिम सामना हरल्यावर आठ वर्षांनी त्याला कप मिळाला हे मी रात्री सांगितलं होतं. पण त्यांनी विचारलं, “तीन गोल मारले तो पोरगा. त्याचं काय झालं मंग?”

मी सांगितलं, स्पर्धेत सर्वांत जास्त गोल त्याचे, आठ. त्याला सोन्याचा बूट दिला. फोनवर फोटोही दाखवला. बूट हातात घेऊन एम्बाप्पे कपाच्या बाजूनं चाललाय, नजर खाली.

मोठेबाबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. “चोवीसही नसन हा,” म्हणाले. 23 चा होता.