वाचकांचे प्रश्न : 137 मोहिमा विमानाच्या, माणसांच्या नव्हेत

प्रश्न : लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातील, दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाच्या छायाचित्रात नाकाच्या बाजूला छोट्या बॉम्बच्या आकृत्यांच्या रांगा दिसतात आणि प्रत्येक आकृती म्हणजे एक मोहीम, असे समजले. मग एकाच चमूने शंभराहून अधिक मोहिमा केल्या का? लँकेस्टर इतके सुरक्षित होते का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. आपण पाहिलेले विमान ‘एस फॉर शुगर’ या नावाने ओळखले जाते. 1942 च्या उन्हाळ्यात ते ब्रिटिश हवाई दलाच्या 83 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या 467 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेले. नोव्हेंबर 1943 मध्ये बर्लिनच्या मोहिमेत दुसऱ्या लँकेस्टरशी त्याची हवेतच टक्कर झाली. तरीही ते इंग्लंडला परतले आणि दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागले. शत्रूचे एकही विमान जर्मनीवरून उडू शकणार नाही, ही जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची वल्गना त्याच्या नाकावर त्या आकृत्यांशेजारीच रंगवलेली आहे.

मात्र त्याच्या नावावरील 137 मोहिमा अनेक चमूंनी मिळून केलेल्या आहेत. बॉम्बफेकी दलातील चमूला 30 मोहिमांची एक फेरी पूर्ण केल्यावर विश्रांती मिळे आणि बहुतेकांना प्रशिक्षक म्हणून पाठवले जाई. विमानाला अशी मुदत नव्हती. ते पुढच्या चमूच्या हवाली होई. विमानाशी दीर्घकाळ नाते राहिले ते जमिनीवरच्या कारागिरांचे. उघड्या मैदानावर, कडाक्याच्या थंडीत चार मर्लिन इंजिनांची देखभाल करणारे आणि पहाटे परतणाऱ्या विमानांची वाट पाहत उभे राहणारे हे लोक इतिहासात फारसे दिसत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते.

एकूण 7,377 लँकेस्टर बांधली गेली. त्यांपैकी शंभर मोहिमांचा टप्पा गाठणारी अवघी 35 च्या आसपास होती. बॉम्बफेकी दलात उड्डाण केलेल्या सुमारे 1,25,000 जणांपैकी 55,573 जण मृत्युमुखी पडले. ज्या रांगा आपण पाहिल्या, त्या अपवादाच्या आहेत.

विमान सुरक्षित होते का, हे त्याच्या आत पाहिले की कळते. पंख जोडणारी भक्कम आडवी तुळई विमानाच्या पोटातून आरपार गेलेली होती आणि जाडजूड पोशाखात ती ओलांडणे एरवीही कष्टाचे असे. मग अंधारात, पेटलेले विमान गिरक्या घेत कोसळत असताना काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. उडी मारण्याची मुख्य झडप नाकाच्या तळाशी होती आणि तीही अरुंद. शेपटीतल्या मशीनगनवाल्याचे पॅराशूट तर त्याच्या बुरुजाबाहेर, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या कक्षाबाहेर, ठेवलेले असे, कारण आत जागाच नव्हती. त्यात विमानाच्या पोटाखालून कोण येते आहे, हे बहुधा कोणालाच दिसत नसे. रात्री उडणाऱ्या जर्मन लढाऊ वैमानिकांनी ही उणीव ओळखून आपल्या विमानांच्या पाठीवर वरच्या दिशेने तिरप्या तोफा बसवल्या आणि खालून गुपचूप येऊन ते पंखातील इंधनाच्या टाक्यांवर मारा करू लागले. मार्च 1944 मध्ये न्यूरेंबर्ग या जर्मन शहरावरील मोहिमेच्या एकाच रात्री 95 बॉम्बफेकी विमाने परतली नाहीत.

प्रश्न : एवढ्या मोठ्या विमानात एकच वैमानिक का?

उत्तर : वैमानिक घडवायला फार वेळ लागे आणि त्यांची टंचाई होती. म्हणून 1942 मध्ये दुसऱ्या वैमानिकाची जागा काढून टाकली गेली आणि सात जणांच्या चमूत वैमानिकाशेजारी इंजिने व इंधन सांभाळणारा तंत्रज्ञ बसू लागला. वैमानिक जखमी झालाच तर विमान निदान सरळ ठेवता यावे, इतपत शिक्षण काही वैमानिक आपल्या सोबत्यांना स्वतःच देत. नव्या वैमानिकाला मात्र आपल्या चमूला घेऊन निघण्याआधी, अनुभव म्हणून, एखाद्या मुरलेल्या चमूबरोबर एकट्याने मोहिमेवर जावे लागे. ते विमान परतले नाही, तर तळावर थांबलेला त्याचा चमू एकही मोहीम करण्याआधीच वैमानिकाविना उरे.