वाचकांचे प्रश्न : दारात गाय बांधण्याआधी

इंदूरभोवतीच्या राऊ, सांवेर, महू आणि देपालपूरकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार आहे. जमीन थोडी, घरात माणसं बरीच, तरी कामाला हात पुरत नाहीत.

प्रश्न : आमची सहा बिघे जमीन आहे, विहिरीचं पाणी चैत्रापर्यंत टिकतं. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दूध विकतचं. एक गाय घ्यावी असं सगळ्यांच्या मनात आहे, पण चारा पुरेल का आणि काम कोणाच्या अंगावर पडेल, यावर एकमत होत नाही. (राऊ)

उत्तर : ताई, चाऱ्याचा हिशेब कागदावर सुटतो. कामाचा मात्र गाय घ्यायच्या आधी घरात बसूनच सोडवावा लागतो. एका गाईचं शेण-पाणी, वैरण कापणं आणि दोन वेळची धार मिळून रोजचे दोन-अडीच तास जातात. धारेत साधारण बारा तासांचं अंतर हवं, म्हणजे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, लग्न असो वा पाऊस. घरात धार काढणारी माणसं दोन हवीत. गाय एकाच हाताला सवकली की दुसऱ्याजवळ पान्हा चोरते, मग पहिल्या माणसाला माहेरी जाणंसुद्धा अवघड होतं. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच दुसऱ्याने आठवड्यातून दोन दिवस धार काढावी. हे काम सुनेचंच असं गृहीत धरलेल्या घरांत गाय दोन वर्षांत विकली जाते.

आता चारा. दिवसाला आठ लिटर दूध देणाऱ्या साधारण ४०० किलोच्या गाईला रोज २० किलो हिरवा चारा, ४ ते ५ किलो भुसा आणि पावणेपाच किलोच्या आसपास खुराक (पेंड-भरड्याचं मिश्रण) लागतो. खुराकाचा हिशेब असा : दीड किलो तिच्या शरीरासाठी, आणि पुढे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. त्यात ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, एकदम दिला तर पोट बिघडतं.

हिरव्यासाठी पाव बिघा नेपियर गवत पुरे. दोन डोळ्यांच्या कांड्या तीन फूट बाय दोन फुटांवर लावा, साडेअकराशेच्या आसपास लागतील. पहिली कापणी ७० ते ७५ दिवसांनी, पुढे दर ४० ते ४५ दिवसांनी. उशीर केलात तर गवत जून होतं, गाय पानं खाते आणि दांडे तुडवते. माळव्याच्या थंडीत नेपियर अडून बसतं. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यात आणखी पाव बिघ्यात बरसीम या हिरव्या चाऱ्याचं दीड किलो बी पेरा. कोवळं, दवानं ओलं बरसीम एकटं घालू नका, पोट फुगून गाय तासाभरात आडवी होते. भुसा मिसळूनच घाला.

बहुतेकांचं गणित चुकतं ते भुशात. वर्षाला सतरा-अठरा क्विंटल भुसा लागतो, म्हणजे जवळपास दीड ते दोन बिघे गव्हाचा. पण कंबाइनने कापणी केली की काड शेतातच पसरतं आणि नंतर भुसा गोळा करणारा रीपर फिरवला तरी सगळं हाती येत नाही. तेवढा तुकडा हाताने कापून थ्रेशरवर काढा, नाहीतर मे महिन्यात भुसा विकत घ्यावा लागेल. तुमच्या विहिरीचं पाणी चैत्रात आटतं, तेव्हा नेपियर मरत नाही, पण वाढतही नाही. ते दोन महिने भुसा आणि खुराकावरच काढायचे आहेत, हे धरूनच साठा करा.

खरेदी करताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची गाय पाहा. संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ अशा तीन धारा समोर काढून मोजा. एक धार तुंबवून कास भरलेली दाखवणं ही जुनी युक्ती आहे, तिसऱ्या धारेला ती टिकत नाही. चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या कापडावर घ्या, गुठळ्या दिसल्या तर परत फिरा. घरी आल्यावर धार झाली की लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. ताबडतोब शेणात बसली तर कासदाह होतो. मालवी गाय काटक आणि देखणी, पण ती मुळात बैलांसाठीची जात, दुधाची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

आणि एवढं सगळं सांगूनही आमचं मत गाईच्याच बाजूचं आहे. आजोबा वैरण घालताहेत आणि नातवंडं वासराला खाजवत बसली आहेत, असं घर आम्हाला भरलेलं वाटतं.

प्रश्न : वर्षाचा गहू कोठीत भरतो, पावसाळ्यात सोंडे पडतात. शेजारी कीड मारायच्या (सल्फाससारख्या) गोळ्या ठेवायला सांगतात. कोठी मुलांच्या झोपायच्या खोलीत आहे. (सांवेर)

उत्तर : गोळ्या ठेवू नका, कितीही जुना शेजारी सांगत असला तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो कोठीच्या फटींतून आणि दाराखालून पसरतो, आणि त्यावर उतारा नाही. झोपलेल्या मुलांना कळतसुद्धा नाही.

सोंडे रोखायचे ते उन्हानेच. गहू ताडपत्रीवर दोन-तीन इंच थरात पसरून तीन दिवस कडक ऊन द्या, दुपारी दोनदा परतवा. दाताखाली दाणा कट्ट वाजून तुटला पाहिजे, दबला तर ओल बाकी आहे. उन्हातून आणलेला गरम गहू तसाच कोठीत ओतू नका, आतल्या आत घाम सुटून वरच्या थराला बुरशी धरते. रात्रभर निवू द्या, मग भरा. कोठी रिकामी करून उन्हात तापवा, फटींतला जुना दाणा सुईने काढा, कारण पुढच्या वर्षीचे सोंडे तिथूनच येतात. ती फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. क्विंटलला अर्ध्या लिटरपर्यंत एरंडेल तळहाताने चोळलं तर किडा अंडी घालत नाही, हे सासूबाईंना नक्की येत असेल. गहू दोन कोठ्यांत विभागा. एक रोजच्या वापराची, दुसरी दसऱ्यापर्यंत न उघडायची.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा. शेतीची गोडी लागावी, पण अभ्यास आणि जीव दोन्ही सांभाळून. कोणती कामं द्यावीत? (महू)

उत्तर : ज्या कामावर घरचा निर्णय खरोखर अवलंबून आहे, ते द्या. मुलांना खोटं काम लगेच ओळखता येतं. मे अखेरीस सोयाबीनच्या बियाण्याची उगवण मुलीकडे सोपवा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, सहाव्या दिवशी धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर हेक्टरी ६० ते ७० किलो बियाणं ठीक. साठ आले तर त्या प्रमाणात वाढवायचं, त्याहून खाली असेल तर बियाणं बदलायचं. सोयाबीनची साल फार पातळ असते, पोतं ट्रॉलीतून आपटलं तरी उगवण घसरते. हे ज्या मुलीने स्वतः मोजलं, ती वडिलांना पोतं आपटू देणार नाही.

मुलाला पाऊस मोजू द्या. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी पट्टी बुडवून मिलिमीटर वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. बेरीज १०० मिलिमीटर झाली की पेरणी. पहिल्याच सरीला घाई केली आणि उघडीप पडली, तर दुबार पेरणीचा खर्च.

थ्रेशरजवळ मात्र एकही मूल नको, पाणी द्यायलासुद्धा नाही. मोठ्यांनीही सैल बाही आणि ओढणी आवळून बांधावी, आणि घास घालायचं तोंड तीन फूट लांब, त्यातलं दीड फूट झाकलेलं आहे का ते भाड्याने आणतानाच पाहावं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मूल बसवू नये. फवारणीचं औषध कधीही थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवत बसू नका, डब्यासकट दवाखाना गाठा.

प्रश्न : मंडीतले पैसे सासऱ्यांकडे जातात, घरखर्चाला दर वेळी मागावं लागतं. (नाव-गाव नको)

उत्तर : दुधाचे पैसे वेगळे ठेवण्यापासून सुरुवात करा, तुमच्या खात्यावर. सोयाबीन-गव्हाचा हिशेब एका वहीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी. सासऱ्यांशी हे बोलणं यजमानांनी करावं, तुम्ही नव्हे.

प्रश्न : नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं काड) जाळू नये हे पटतं, पण तिचं करायचं काय? (देपालपूर)

उत्तर : याचं उत्तर आपल्याच शहरात तयार झालं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी जी खताची पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. दहा बाय पाच फूट, तीन फूट खोल खड्डा घ्या. सहा इंच काड, त्यावर दोन इंच शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि मूठभर राख, असे थर लावा. गव्हाचं काड आणि सोयाबीनचं कुटार एकटं सावकाश कुजतं, म्हणून आधी एक रात्र ते गाईखाली अंथरा. मुतात भिजून, खुराखाली मोडून ते नरम होतं. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब सुटावेत इतकीच ओल ठेवा. पहारीने हवेसाठी उभी भोकं पाडा. पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी उलथापालथ करा, तीन महिन्यांत खत तयार होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी हात घातला आणि आत गरम लागलं नाही, तर एक तर कोरडं आहे, नाहीतर शेण कमी पडलंय. पावसाळ्यात मात्र खड्डा नको, त्यात पाणी साचून वास सुटतो. जमिनीवर ढीग लावा आणि वरून काडाने शाकारा.