वाचक विचारतात : बलाढ्य संघासमोर लहान विद्यापीठाची संधी किती?

प्रश्न : मी अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. हंगामाच्या सुरुवातीलाच आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ देशातील पहिल्या पाचांत गणल्या जाणाऱ्या संघाशी त्याच्याच मैदानावर खेळणार आहे आणि आम्ही 28 गुणांनी हरू, असे सट्टाबाजाराने धरले आहे. यावरून आमच्या मित्रमंडळींत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, अपॅलाचियन स्टेटने मिशिगनला हरवले, तर आपण का नाही. जिद्द असली की काहीही घडते. दुसरा गट म्हणतो की, हा सामना केवळ पैशासाठी घेतला आहे, जिंकण्याचा विचारही करू नये. खरे कोणाचे धरावे?

उत्तर : आपल्या दोन्ही गटांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण मुद्द्याला दोघांनीही हात घातलेला नाही. आधी त्या 28 या आकड्याकडे पाहू. हा आकडा म्हणजे सरासरीचा अंदाज असतो. प्रत्यक्ष निकाल या अंदाजापासून दोन टचडाऊनइतका (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे जादा किकसह सात गुण) इकडे किंवा तिकडे सरकणे कॉलेज फुटबॉलमध्ये नेहमीचे आहे. म्हणजे आपला संघ 14 गुणांनी हरला किंवा 42 गुणांनी हरला, तरी जाणकारांना त्याचे फारसे नवल वाटणार नाही. मात्र विजयासाठी हाच लंबक एका बाजूला त्याच्या दुप्पट झुकावा लागतो आणि तसे शंभर सामन्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा घडते. संधी आहे, पण ती तेवढीच आहे.

आता अपॅलाचियन स्टेटविषयी. 1 सप्टेंबर 2007 रोजी अ‍ॅन आर्बर येथे एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर या संघाने पाचव्या क्रमांकावरील मिशिगनला 34-32 असे हरवले, तेही शेवटच्या क्षणी मिशिगनची फील्ड गोलची (खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवण्याची) किक अडवून. हा सामना सर्वांना आठवतो, पण जिंकणारा संघ कसा होता, हे मात्र विसरले जाते. अपॅलाचियन स्टेट खालच्या विभागातील असला, तरी त्या विभागाचा 2005 आणि 2006 असा सलग दोन वर्षांचा विजेता होता आणि 2007 मध्येही त्यानेच तिसरे विजेतेपद मिळवले. आर्मांटी एडवर्ड्स हा त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू) स्वतः चेंडू घेऊन पळण्यात तरबेज होता आणि खेळाडूंना मैदानभर पसरवून खेळण्याच्या त्यांच्या पद्धतीला मिशिगनच्या बचावफळीकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. पहिल्या अर्ध्यातच त्यांनी 28 गुण केले होते. जिंकण्याची सवय लागलेल्या एका उत्तम संघाला त्या दिवशी मोठे मैदान मिळाले, असे मी त्या सामन्याकडे पाहतो. आपला संघ त्या तोडीचा आहे का, हे मित्रांनी आधी एकमेकांना विचारावे.

तो तसा नसेल, तर दुसरा मार्ग उरतो आणि माझ्या मते बहुतेक लहान संघांसाठी तोच खरा मार्ग आहे : सामना लहान करणे. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. या खेळात चेंडू आळीपाळीने दोन्ही संघांकडे जातो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले, तर चढाई चालू राहते, नाहीतर चेंडू सोडावा लागतो. साधारण सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला अशा बारा-तेरा चढाया येतात. उदाहरणादाखल धरू की, बलाढ्य संघ प्रत्येक चढाईमागे सरासरी साडेतीन गुण मिळवतो आणि आपला संघ दीड. तेरा चढायांचा सामना झाला, तर फरक 26 गुणांचा होतो. आपल्या संघाने घड्याळ खात, तीन-तीन चार-चार यार्डांनी सरकत, प्रत्येक वेळी शेवटच्या सेकंदापर्यंत थांबून चेंडू खेळात आणला आणि सामना आठ चढायांवर आणून ठेवला, तर खेळाडू तेच, ताकद तीच, आणि अपेक्षित फरक मात्र 16 गुणांवर येतो. इतकी दरी मग एखाद्या इंटरसेप्शनने (समोरच्याचा पास मध्येच पकडून), एखाद्या अडवलेल्या किकने आणि चौथ्या प्रयत्नावर दाखवलेल्या धाडसाने भरून निघू शकते.

हे कागदावरचे गणित नाही. 5 ऑक्टोबर 2024 रोजी नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने अव्वल क्रमांकावरील अलाबामाला 40-35 असे हरवले, तेव्हा 60 मिनिटांच्या खेळात चेंडू व्हँडरबिल्टकडे 42 मिनिटे 8 सेकंद होता. तिसऱ्या प्रयत्नावर चढाई जिवंत ठेवण्याची वेळ त्यांच्यावर अठरा वेळा आली आणि त्यांनी ती बारा वेळा साधली. अलाबामाचे आक्रमण त्या दिवशी अजिबात वाईट खेळले नाही. चेंडू हाती आला की ते झपाट्याने गुण करीत होते, पण त्यांच्या हाती चेंडू येतच नव्हता. शेवटच्या तीन मिनिटांत अलाबामाने फरक पाच गुणांवर आणल्यावर व्हँडरबिल्टने पुन्हा चेंडू घेतला आणि सामना संपेपर्यंत तो परत दिला नाही. माझ्या दृष्टीने या सामन्यातली सर्वांत मोलाची मिनिटे हीच. पहिल्या पाचांतील संघाविरुद्ध व्हँडरबिल्टचा हा इतिहासातील पहिला विजय होता आणि याच संघाने तीन आठवड्यांपूर्वी जॉर्जिया स्टेटकडून मार खाल्ला होता, हेही ध्यानात ठेवावे.

हीच पद्धत 2018 मध्ये आर्मीच्या (अमेरिकी लष्करी अकादमीच्या) संघाने ओक्लाहोमाविरुद्ध वापरली. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरे याने त्या वर्षी हाइझमन हे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे पारितोषिक मिळवले, पण त्या सामन्यात त्याला बराच वेळ बाजूला उभे राहून पाहावे लागले, कारण चेंडू सुमारे 45 मिनिटे आर्मीकडे होता. आर्मी शेवटी जादा वेळेत 28-21 अशी हरली. म्हणजे ही पद्धत विजयाची हमी देत नाही, सामना शेवटपर्यंत जिवंत ठेवते. 2022 मध्ये अपॅलाचियन स्टेटनेच सहाव्या क्रमांकावरील टेक्सस ए अँड एमला 17-14 असे हरवले, तेव्हा त्यांनीही 41 मिनिटांहून अधिक काळ चेंडू स्वतःकडे ठेवला होता. 2007 चा वेगवान संघ आणि 2022 चा संथ संघ, दोन्ही एकाच विद्यापीठाचे, हे मला फार बोलके वाटते. शिवाय 2023 पासून पहिला डाऊन (दहा यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न) मिळाल्यावर घड्याळ थांबवण्याचा नियम प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरताच उरला आहे, आणि माझ्या मते या बदलाचा लाभ सामना लहान करू पाहणाऱ्यालाच अधिक होतो.

जिद्दीविषयी एवढेच म्हणेन की, ती समोरच्या संघाकडेही असते. मोठ्या संघाची खरी श्रीमंती दिसते ती चौथ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या शेवटच्या पाव भागात), दोन्ही बाजूंच्या अवजड खेळाडूंच्या आघाडीवर. त्यांचा पहिला खेळाडू थकला की तितकाच धिप्पाड, तितकाच चपळ दुसरा मैदानात येतो. आपल्याकडे मात्र तोच खेळाडू साठावी टक्कर घेत असतो. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बरोबरीत असलेले कितीतरी सामने अखेरीस एकतर्फी दिसतात, ते यामुळेच. आपल्या संघाने चेंडू धरून ठेवला, तर आपली बचावफळी बाजूला बसून दम घेते, म्हणूनही ही पद्धत उपयोगी पडते.

प्रश्न : हरण्याची एवढी शक्यता असताना लहान विद्यापीठे असे सामने का स्वीकारतात?

उत्तर : यजमान विद्यापीठ देत असलेल्या पैशासाठी, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. 2007 च्या सामन्यासाठी अपॅलाचियन स्टेटला चार लाख डॉलर मिळाले होते. 2024 मध्ये नोत्र देमने नॉर्दर्न इलिनॉयला 14 लाख डॉलर दिले. लहान विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पोहणे, धावणे, कुस्ती असे अनेक खेळ स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत आणि अशा एका सामन्याच्या रकमेतून त्यांना हातभार लागतो. पण पैसे घेऊन खेळायला आलेला संघ हरण्यासाठीच आलेला असतो, हे आपल्याकडील दुसऱ्या गटाचे गृहीतक मला मान्य नाही. नॉर्दर्न इलिनॉयने त्या सामन्याचे पैसे तर घेतलेच, शिवाय सामनाही 16-14 असा जिंकला. सामना संपायला 31 सेकंद असताना त्यांनी 35 यार्डांवरून फील्ड गोल केला आणि मग नोत्र देमची अखेरची लांबवरची किक अडवली. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस हॅमॉक त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू आहेत. विजयानंतर बोलताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. त्यांना पाहिल्यावर कोणीही म्हणणार नाही की, हा माणूस केवळ धनादेश घ्यायला आला होता.

प्रश्न : ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी व्यवस्था) आल्यापासून मोठी विद्यापीठे लहान संघांतील चांगले खेळाडू उचलून नेतात. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात, आणि 2025 पासून तर विद्यापीठेच त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. आता असे धक्कादायक निकाल बंद होतील, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : ही काळजी मलाही वाटते आणि ती अनाठायी नाही. 2025-26 या पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सर्व खेळांतील खेळाडूंमध्ये मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा मिळाली. ही मर्यादा गाठणारी विद्यापीठे आणि तिच्या आसपासही न पोहोचणारी विद्यापीठे यांच्यातील अंतर पुढे वाढत जाईल. एखाद्या लहान संघाने तीन वर्षे घडवलेला क्वार्टरबॅक चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या गणवेशात दिसणे हे त्या संघाच्या चाहत्यांना किती लागते, हे मी समजू शकतो.

तरीही पोर्टलचे दार दोन्ही बाजूंनी उघडते. व्हँडरबिल्टला अलाबामाविरुद्ध विजय मिळवून देणारा क्वार्टरबॅक दिएगो पाविया आदल्या वर्षी न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळत होता, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच संघाला घेऊन त्याने ऑबर्नला त्यांच्या मैदानावर 31-10 असे हरवले होते. तो व्हँडरबिल्टमध्ये आला, त्याच सुमारास न्यू मेक्सिको स्टेटचे त्याचे प्रशिक्षक जेरी किल हेही तेथे आले. म्हणजे एका लहान संघाने घडवलेला खेळाडू आणि त्याची खेळण्याची पद्धत दोन्ही जशीच्या तशी दुसऱ्या दुबळ्या संघाला मिळाली. अलाबामाविरुद्ध त्याने 20 पैकी 16 पास यशस्वी केले. माझे मत असे की, पुढील काळात धक्के कमी होतील, पण जे होतील ते बहुधा सप्टेंबरमध्ये होतील, कारण नव्याने गोळा केलेल्या गुणी खेळाडूंना एकमेकांची सवय होण्यापूर्वीचा तोच काळ असतो.

प्रश्न : मोठ्या संघाला हरवलेला लहान संघ पुढच्याच सामन्यात का कोसळतो?

उत्तर : नेहमी कोसळतो असे नाही, व्हँडरबिल्टने पुढच्या आठवड्यात केंटकीला हरवले. मात्र नॉर्दर्न इलिनॉय नोत्र देमनंतरच्या सामन्यात बफेलोकडून हरला. 2022 च्या हंगामात टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाने) मिशिगनवर 51-45 अशी मात केली आणि अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांना 65-7 असे चिरडले. दुबळ्या संघाला एका सामन्यासाठी सर्व युक्त्या खर्च कराव्या लागतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याने तोवर त्या पाहिलेल्या असतात. हरलेला मोठा संघ मात्र सावरतो. त्याच नोत्र देमने पुढच्या आठवड्यात पर्ड्यूला 66-7 असे हरवले आणि हंगामाच्या शेवटी अंतिम सामना गाठला.

प्रश्न : आम्ही सर्व मित्र सामना एकत्र पाहणार आहोत. आपल्या संघाला खरोखर संधी आहे की नाही, हे किती लवकर कळेल?

उत्तर : पहिल्या दोन चढायांत बरेचसे कळेल, पण त्यासाठी फळ्यावरील गुण पाहू नयेत. आपल्या संघाने पहिल्या चढाईत गुण केले नाहीत, तरी चालेल; पण पाच-सहा मिनिटे चेंडू स्वतःकडे ठेवला का, ते पाहावे. चेंडू हातात घेऊन पळणारा आपला खेळाडू प्रयत्न जेथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच पाडला जात आहे, की पाडला जाण्यापूर्वी दोन-तीन यार्ड पुढे सरकतो आहे, हे पाहावे. मागेच पडत असेल, तर घड्याळ खाण्याची योजना दुसऱ्या क्वार्टरपर्यंतही टिकणार नाही. समोरच्या क्वार्टरबॅकपर्यंत आपले चारच खेळाडू पोहोचतात, की त्यासाठी सहा जण पाठवावे लागतात, हेही पाहावे, कारण सहा पाठवले की मागे मोकळी जागा राहते आणि मोठे संघ तिचा फायदा एका पासमध्ये घेतात.

चौथा प्रयत्न आणि दोन-तीन यार्ड बाकी असताना आपले प्रशिक्षक पंट करतात (लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांकडे देतात) की खेळतात, याकडे तर विशेष लक्ष द्यावे. 2007 मध्ये 41 गुणांनी हरेल असे धरलेल्या स्टॅनफर्डने लॉस एंजेलिसमध्ये यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 24-23 असे हरवले, ते चौथ्या प्रयत्नावर दहा यार्डांवरून टाकलेल्या टचडाऊन पासमुळे, आणि तो पास टाकणारा टविटा प्रिचर्ड हा राखीव क्वार्टरबॅक त्या दिवशी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. यूएससीच्या क्वार्टरबॅकने मात्र त्या सामन्यात चार इंटरसेप्शन दिले होते. तेव्हा मध्यंतराला आपला संघ दहा गुणांच्या आत असेल, चेंडू सोळा-सतरा मिनिटे आपल्याकडे राहिला असेल आणि समोरच्यांनी एकदा तरी चेंडू गमावला असेल, तर आपल्या पहिल्या गटाने खुशाल आरडाओरडा करावा. तोपर्यंत दोन्ही गटांनी घड्याळावर नजर ठेवावी.