थिनर, फेविक्विक आणि हरिकेनची कापडी पाठ : वाचकांची प्रश्नोत्तरे

मागच्या वेळी हॉकर हरिकेनच्या १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) प्लॅस्टिक मॉडेलबद्दल लिहिलं, म्हणजे १९४४ साली इंफाळला अर्जन सिंगांच्या हाताखाली आपल्या एक नंबर स्क्वाड्रनने उडवलं ते विमान, आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतायत. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसायचा कंटाळा आलाय, म्हणून सगळ्यांना इथेच एकदम.

प्र. मुलगा अकरा वर्षांचा आहे, पहिलं मॉडेल कुठलं घेऊ? (वसई)

एका इंजिनाचं, १/७२ मधलं, नव्या साच्याचं कुठलंही. कटर तुम्ही चालवा, सॅंडिंग त्याला करू द्या.

प्र. कॉकपिटची काच फेविक्विकने चिकटवली, दुसऱ्या दिवशी आतून पांढरी धुरकट झाली. काच खराब होती का? (सांगली)

काच चांगली होती. फेविक्विकची वाफ पारदर्शक भागावर बसते आणि पांढरा थर धरते, हे मी किती वेळा लिहिलंय मलाच आठवत नाही. काचेला साधा पांढरा फेविकॉल, टूथपिकच्या टोकावर घेऊन. सुकला की दिसत नाही, आणि चुकलात तर ओल्या बोटाने पुसता येतो. बाकी बॉडीला प्लॅस्टिकचं लिक्विड सिमेंट.

प्र. दुकानदार म्हणतो लिमिटेड एडिशन आहे, नंतर मिळणार नाही, दुप्पट किंमत सांगतोय. घेऊ का? (नाशिक)

डबा नवीन, डेकल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) नवीन, आतला साचा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा, असं बऱ्याचदा निघतं. सुटे भाग जोडलेले असतात त्या फ्रेमचा फोटो मागा. पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडाच्या) रेषा खाचेसारख्या आत गेलेल्या आहेत की वर उठलेल्या, ते बघा. वर उठलेल्या असतील तर समजा आजोबांच्या काळचं आहे. दुकानदार डबा उघडूच देत नसेल तर नमस्कार करा आणि निघा. ज्याने तेच किट आधी बांधलंय अशा कुणाला तरी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्र. डेकलमध्ये विमानावरच्या ओळखीच्या गोलाच्या मधे लाल ठिपका आहे, मित्र म्हणतो ब्रह्मदेशातल्या विमानांवर लाल नव्हतंच. कोण बरोबर? (पुणे)

मित्र. जपानी विमानांवर लाल गोळा, मग गडबडीत आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडायचे, म्हणून या आघाडीवर लाल काढून मधे पांढरा किंवा फिका निळा केला. १९४५ च्या सुरुवातीला ओळखीसाठी पांढरे पट्टेही आले. पण म्हणून सरसकट सगळ्यांना पट्टे मारत सुटू नका. ज्या नंबरचं विमान करताय त्याच नंबरचा त्या काळातला फोटो शोधा. पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आहे, आकार आणि बारकावे बघायला जरूर जा, पण संग्रहालयातला रंग नंतर कधीतरी मारलेला असू शकतो, तो पुरावा म्हणून धरू नका. तोफांचंही तसंच. हरिकेनच्या टू-सी प्रकाराला २० मिलीमीटरच्या चार तोफा, पण टेहळणीच्या कामावरच्या काही विमानांच्या वजन कमी करायला काढलेल्या असायच्या, तिथेही फोटोच.

प्र. मागच्या बॉडीवर पॅनेल लाइन कमी वाटल्या म्हणून काळा वॉश (खाचांत भरायचा पातळ रंग) भरपूर दिला आणि चंदेरी पेन्सिलीने चिपिंग (रंग उडाल्याचा देखावा) केलं. व्हिडिओत बघून केलं तरी खोटं का दिसतं? (कोल्हापूर)

कारण तिथे पत्रा नाहीये हो. हरिकेनची कॉकपिटच्या मागची पाठ म्हणजे आत स्टीलच्या नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. रडर, एलिव्हेटर (शेपटीचे हलते भाग) पण कापडी. कापडाचा रंग खरवडून खालून पत्रा कसा चमकेल? फाटलं तर भोक पडेल आणि मग ठिगळ लागेल, आणि नेमकं ते ठिगळ कुणी करत नाही. चिपिंग करायचंच असेल तर पंखाच्या मुळाशी, जिथे पायलट आणि मेकॅनिक बूट घालून चढायचे तिथे, आणि इंजिनच्या झाकणांच्या कडेला, तेही स्पंजचा तुकडा जवळजवळ कोरडा करून. वॉशचा हिशोब स्वतःच करून बघा. मॉडेलवरची ०.१ मिलीमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलीमीटरची फट, त्यात तुम्ही काळाकुट्ट रंग भरताय, त्यापेक्षा खालच्या रंगाचीच थोडी गडद छटा घ्या. पेन्सिल अजून पक्की झाली नसेल तर ओल्या इअरबडने निघेल, आधी पोटाखाली एका कोपऱ्यात करून बघा.

प्र. पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांच्या टोकाचा पिवळा पट्टा किती? (ठाणे)

४ इंच. १/७२ ला १.४ मिलीमीटर.

प्र. वन बीएचके आहे, बेडरूममध्ये एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) चालवतो. परदेशी थिनर परवडत नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर वापरतो, सगळेच वापरतात. एन-९५ लावतो. चार महिने झाले, रंगवलं की रात्री डोकं जड होतं, बायको म्हणते मच्छरच्या कॉइलने होत असेल. हरिकेन संपलं की डॉक्टरला दाखवू का? (कल्याण)

हरिकेन राहू दे तिथेच. याच आठवड्यात दाखवा, आणि जाताना थिनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो घेऊन जा, नुसतं "थोडं रंगकाम करतो" असं सांगू नका, रोज किती तास, खोली केवढी, दार बंद की उघडं, सगळं सांगा. चार महिने म्हणजे चार महिने हो, आणि अजून "हे एक संपवून मग" चाललंय. ही तारीख पुढे ढकलायची सवय आमच्या छंदातल्या लोकांना इतकी आहे की मला त्याचीच धास्ती वाटते.

आता एन-९५. तो धूळ अडवतो, रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. थिनरमधलं टोल्यूइन वगैरे त्यातून सरळ आत जातं, आणि वर तुम्ही मास्क लावलाय म्हणून निर्धास्त दोन तास जास्त बसता, म्हणजे न लावण्यापेक्षा वाईट. लागतो तो ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजवाला रबरी मास्क, दाढीवर तो नीट बसत नाही, आणि कार्ट्रिजला आयुष्य असतं, पाकीट उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा. "आता वास येत नाही" हे सांगू नका, नाकाला सवय होते.

दुसरं, ते स्वस्तातले स्प्रे बूथ, मागे स्पंज लावून हवा परत खोलीतच सोडतात, रंगाचा भुगा स्पंजात आणि वाफ तुमच्या उशीवर. पाइप खिडकीबाहेर गेला पाहिजे. पंख्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडते का हे माहितीतल्या इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, मला विचारू नका, मी तुमची मोटर बघितलेली नाही.

आणि कॉइल! थिनरच्या वाफेत पेटलेली कॉइल ठेवून तुम्ही रंगवताय? वहिनींचं डोकेदुखीचं कारण चुकलं असेल, पण कॉइलकडे बोट दाखवलं ते बरंच झालं. शेजारी देवघर असेल तर समई-निरांजनसुद्धा आलं त्यात.

आता "सगळे वापरतात". एनसी थिनर प्रत्येक कंपनीचं वेगळं, दोन डबे सारखे निघतील याची खात्री नाही. मी एकदा एका दुकानातून "एअरब्रश क्लीनर" असं सुबक लेबल लावलेली छोटी बाटली चौपट भावाने आणली, आत हेच सुटं थिनर ओतलेलं. तीन आठवडे घासलेल्या पंखावर एक थेंब पडला, मी कापसाने टिपला, आणि वरच्या खाचा दुधावर साय धरावी तशा भरून गेल्या. तेव्हा ते एअरब्रश धुवायला ठेवा, तेही गॅलरीत. रंग पाण्याचे ॲक्रिलिक घ्या, नोझलवर सुकतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब टाकले की चालतात. मास्क तेव्हाही लावायचाच. घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल किंवा दमा असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत एअरब्रशला हात लावू नका, ब्रशने रंगवा.

प्र. पावसाळ्यात लॅकरचा ग्लॉस (चकचकीत वरचा थर) मारला की वर दुधाळ थर येतो. (रत्नागिरी)

हवेतलं पाणी. उघडीप मिळेपर्यंत थांबा. कोकणात राहून जुलैमध्ये लॅकर मारायची घाई कशाला?

प्र. भाचा न्यू जर्सीहून येतोय, बॅगेत लॅकर रंग आणि थिनर आणायला सांगू का? (अमरावती)

नाही. ज्वलनशील माल, ना हातातल्या बॅगेत चालत ना चेक-इनमध्ये. पाण्याचे रंग बहुतेक वेळा चालतात, पण त्याने एअरलाइनला आधी विचारायचं, बाटलीवरची माहिती दाखवून. किट आणि डेकल मात्र खुशाल मागवा, आणि डबा मोठा वाटला तर त्याला सांगा फ्रेम बाहेर काढून कपड्यांत गुंडाळ, काच वेगळी, मोज्यात.