खोक्यावरचे आकडे आणि सोलापूरचं ऊन

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय : कोणता फोन घेऊ? मॉडेलचं नाव सांगून मोकळं होणं सोपं असतं, पण ते नाव पुढच्या सणापर्यंत जुनं होतं. म्हणून ज्यांनी फोनवर काय काम करायचंय ते लिहिलं, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादर-टॉवेलचा कारखाना आहे. व्यापाऱ्यांना डिझाइनचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यासाठी मुद्दाम २०० मेगापिक्सेलचा फोन घेतला. तरी मरून रंग भडक लाल दिसतो आणि टॉवेलवर नसलेल्या लाटा उमटतात. माल गेल्यावर व्यापारी म्हणतो, फोटोतला रंग वेगळा होता. फोन खराब निघाला का? (एक कारखानदार)

फोन खराब नाही. पण २०० या आकड्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजलेत, ते या कामात वाया गेले.

तुमचा फोन नेहमीच्या मोडमध्ये २०० मेगापिक्सेलचा फोटो काढतच नाही. सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून तो १२.५ मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो. ५० मेगापिक्सेलवाला फोन चार-चार पिक्सेल जोडतो आणि त्याच १२.५ वर येतो. त्यानंतर व्हॉट्सॲप तो फोटो आणखी आवळून दोन मेगापिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं. व्यापाऱ्याच्या हातात पडतो तो हा शेवटचा. २०२३ पासून फोटो पाठवताना वर ‘एचडी’चं बटण येतं, ते दाबत चला. डिझाइनचा धागान् धागा दाखवायचा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा जाईल.

आता लाटा. टॉवेलची वीण बारीक आणि एकसारखी असते, सेन्सरवरचे पिक्सेलही तसेच ओळीत बसलेले असतात. या दोन जाळ्या जवळपास सारख्या मापाच्या झाल्या की एकमेकींवर चढून तिसरीच नक्षी तयार करतात. दोन जाळीचे पडदे एकावर एक धरून हलवून बघा, अगदी तेच दिसेल. याला मोआरे म्हणतात आणि महागातला महाग फोनही त्यातून सुटत नाही. उपाय फुकटचा आहे. फोन हातभर मागे-पुढे करा, किंवा टॉवेल थोडा तिरपा करा. लाटा फक्त स्क्रीनवर आहेत की फोटोतच आहेत, हे फोटो पूर्ण मोठा करून तपासा. कधीकधी फोटो स्वच्छ असतो आणि छोट्या स्क्रीनवर आवळल्यामुळेच लाटा दिसतात.

रंगाचं दुखणं जास्त खोल आहे. डाइंगच्या माणसाला मी काय सांगणार, ट्यूबखाली जुळलेले दोन शेड उन्हात फुटतात हे तुम्ही रोज बघता. कॅमेऱ्याचंही तसंच. कारखान्यातल्या स्वस्त एलईडीखाली मरून कधीच खरा येत नाही. चादर सावलीत दारापाशी आणा, थेट उन्हात नको. कॅमेऱ्यातलं ‘एआय’ किंवा ‘सीन’ सुधारणारं बटण आधी बंद करा, कारण त्याला लाल दिसलं की ते आणखी लाल करतं. ‘प्रो’ मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग, एकदा पांढऱ्या कागदावर लावून तिथेच ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोला तो स्वतःच्या मनाने बदलतो. गडद लाल आणि मरूनसाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढा. लाल रंग सेन्सरवर लवकर तुंबतो, आणि मग जॅकार्डच्या, म्हणजे विणीतच उमटवलेल्या, फुलांच्या कडा पुसून सगळा एकच लाल ठोकळा दिसतो.

एवढं केलंत तरी व्यापाऱ्याच्या फोनचा स्क्रीन ‘व्हिव्हिड’वर असला तर त्याला रंग भडकच दिसणार. तुमचा स्वतःचा आधी ‘नॅचरल’वर आणा. आणि पहिल्या ऑर्डरला कापडाचा तुकडा कुरियरने पाठवायची जुनी पद्धत मोडू नका. शेडचा नंबर फोटोखाली लिहायचा, मंजुरी मात्र तुकड्यावर घ्यायची. जीआय मानांकन असलेल्या मालाचा सौदा फोटोतल्या लाल रंगावरून मोडू द्यायचा नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. बजेट तेरा हजार. दुकानदार म्हणतो, ‘घे की बे, सोळा जीबी रॅम आहे, फाइव्ह-जी आहे, अजून काय पाहिजे?’ घेऊ का?

सोळा जीबी बहुधा ‘८+८’ असेल. खोक्यावर बारीक अक्षरात वाचा. दुसरे आठ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. स्टोरेजचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही येत नाही. त्यामुळे एखादं ॲप मागे थोडा वेळ जिवंत राहील, पण फोन पळायला लागणार नाही, आणि तुझी आठ जीबी जागा मात्र जाईल. खरी आठ जीबी असेल तर तुझ्या कामाला पुष्कळ झाली. मला विचारशील तर रॅमपेक्षा स्टोरेज १२८ आहे की २५६, आणि ते वेगवान यूएफएस प्रकारचं आहे की जुनं, संथ ईएमएमसी, हे आधी विचार. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं.

फाइव्ह-जीची मेख वेगळी. जिओचं फाइव्ह-जी ‘स्टँडअलोन’ म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवाय चालणारं, एसए पद्धतीचं आहे, एअरटेलचं मुख्यतः फोर-जीच्या आधाराने चालणारं, एनएसए. अगदी स्वस्तातले काही फोन फक्त एसए चालवतात. तुझं सिम एअरटेलचं असेल तर फाइव्ह-जीचा फोन घेऊनही वर फोर-जीच दिसत राहील. एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नकोस. बँडमध्ये, म्हणजे फोन ज्या लहरी पकडतो त्यांच्या यादीत, एन ७८ आणि एन २८ आहेत का बघ. एन २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, तो भिंतीतून आत शिरतो. हॉस्टेलच्या खोलीत त्याचाच उपयोग.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापुरात राहतो. मुलाने नवा फोन दिला. दुपारी बाहेर पडलो की तो तापतो, स्क्रीन अंधूक होतो, एकदा तर कॅमेराच उघडेना. मुलगा म्हणतो कंपनी चांगली आहे, मी म्हणतो फोन बाद आहे. कोण बरोबर?

गुरुजी, मुलगा बरोबर आहे. पण तुमची तक्रारही खोटी नाही.

ॲपलसारखी कंपनी स्वतःच लिहून ठेवते की फोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा. बाकीच्यांचे आकडेही याच पंक्तीत बसणारे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून जातो, आणि तो सावलीतला. म्हणजे अख्खा उन्हाळा आपण फोन त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर वापरतो. स्क्रीन अंधूक करणं, चार्जिंग थांबवणं, फ्लॅश बंद ठेवणं, हे सगळं फोन स्वतःला वाचवायला करतो. कॅमेरा त्यातलाच. सावलीत येऊन पाचेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तर फोनला काही झालेलं नाही.

खरं नुकसान हळूहळू होतं आणि ते बॅटरीचं होतं. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि गच्च भरलेलं चार्जिंग. दोन्ही एकत्र आल्या तर दोन उन्हाळ्यांत बॅटरी अर्ध्या दिवसावर येते. पावसाळ्याच्या तोंडाला दुरुस्तीच्या टेबलावर मागचं झाकण उचललेले फोन येतात. आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली असते, आणि गिऱ्हाईक सांगतं की फोन गाडीत राहिला होता. बंद गाडीचा डॅशबोर्ड दुपारी किती तापतो ते हात लावून बघा. झाकण असं उचललेलं दिसलं तर चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका आणि सरळ दुरुस्तीला न्या.

सेटिंगमध्ये बॅटरीत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर उन्हाळाभर चालू ठेवा. चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढा. फोन उशीखाली नको, कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको. साधा पंखा पुरे. आणि कृपा करून फ्रिजमध्ये ठेवू नका. तापलेला फोन एकदम गार झाला की आत दव धरतं, आणि तेवढं पाणी बोर्ड खलास करायला पुरतं.

मुलगा मोटरसायकलच्या हँडलला फोन लावून पंढरपूरला जात असेल तर त्यालाही हे वाचून दाखवा. ऊन तर लागतंच, शिवाय इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत रात्री काढलेल्या फोटोंत दिव्यांभोवती पांढरट धूर दिसतो. पाळण्याच्या तर दोन-दोन प्रती येतात.

कॅमेऱ्यावर दुकानदाराने फुकट चिकटवून दिलेली काच आहे ना? ती काढून टाका. दिव्याचा उजेड तिच्यात आणि लेन्समध्ये उड्या मारतो. पाळणा दुहेरी येतो कारण ‘नाइट मोड’ बरेच फोटो काढून एकावर एक जोडतो, आणि पाळणा तोवर पुढे गेलेला असतो. हलत्या वस्तूला नाइट मोड बंद. नंदीध्वज मिरवणुकीत चालत असतानाही तेच.

प्रश्न : आई विड्या वळते. घरी तेलुगू बोलतो, तिला मराठी जेमतेम वाचता येतं. तिला स्मार्टफोन घेऊन द्यावा म्हणते मी. भाऊ म्हणतो, ‘नको, कोणीतरी खात्यातले पैसे उडवेल, साधा फोनच बरा.’ (विडी घरकुल)

तुमच्या भावाची भीती अजिबात चुकीची नाही. आईच्या खात्यात असलेले पैसे परत कमवायला तिला किती विड्या वळाव्या लागतील याचा हिशोब त्याने केला असणार. तरीही मी तुमच्या बाजूने आहे, पण तयारी करून.

आधी भाषा. फोन तेलुगूत लावा. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे फोन तेलुगूत आणि एखादं ॲप मराठीत, असं चालतं. जीबोर्ड कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून तेलुगूत बोललं की अक्षरं उमटतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला मात्र व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप पुरतो, आणि बहुतेक आया तोच पहिल्या दिवशी शिकतात.

पैशांसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. त्यात भाजी-किराण्यापुरते पैसे असू द्या, मुख्य खात्याला हात नको. उद्या काही झालंच तर तेवढंच जाईल. आईला नियम सांगायचा तो एकच : पैसे येताना पिन लागत नाही. कोणी म्हणालं ‘पैसे पाठवतो, पिन टाका’, की फोन ठेवून द्यायचा.

सगळ्यात मोठा धोका सध्या एपीके फाइलचा आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, किंवा आरटीओचं चलान येतं, आणि शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडून परवानग्या दिल्या की ते एसएमएस वाचतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर तिकडे पोचतो. हा रस्ता आधीच बुजवता येतो. सेटिंगमध्ये अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, तिन्हीपुढे ती बंद आहे का बघा. हे काम भावालाच द्या. विरोध करणाऱ्या माणसाला पहारा दिला की तो मन लावून करतो.

लगेच कर्ज देणारी ॲप फोनवर ठेवूच नका. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच अशा ॲपना फोनमधले संपर्क आणि फाइली चाळायला मनाई केली आहे. तरी जे ॲप कॉन्टॅक्ट मागतं, ते पुढे वसुलीला नातेवाइकांना फोन करण्यासाठीच मागतं.

आणि पैसे गेलेच तर लाज वाटून घरात लपवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त.

आईने ठाम नाही म्हटलं तर साध्या फोनवरही २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. चालतं, पण आवाजी सूचना ऐकत आकडे दाबत बसावं लागतं.

प्रश्न : घरात वाद आहे. धाकटा भाऊ सेकंडहँड आयफोन घेऊ म्हणतो, मी नवा अँड्रॉइड म्हणते. बजेट वीस हजार.

मी तुमच्या बाजूने, पण कारण कॅमेरा नाही. नवा घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. ते फोन तुमच्या बजेटबाहेरचे. पण वीस हजारांच्या आतबाहेर आलेल्या गॅलेक्सी ए १६ फाइव्ह-जीलाही सहा वर्षं सांगितली होती, तेव्हा एवढ्या पैशांत हे मागणं चूक नाही. जुन्या आयफोनची यातली बरीचशी वर्षं आधीच्या मालकाने वापरून झालेली असतात, बॅटरी बदलायला लागते ती वेगळीच.

भावाने ऐकलंच नाही तर निदान पैसे देण्याआधी दुकानात उभं राहून *#०६# दाबायला लावा. येणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, आणि १४४२२ ला पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’ आलं तर तो हँडसेट चोरीला गेलेला किंवा अडवलेला आहे, सिम घातलं तरी नेटवर्क धरणार नाही. विकणाऱ्याचं आयक्लाउड, म्हणजे फोनला जोडलेलं त्याचं ॲपलचं खातं, त्याच्याच हाताने, तुमच्यासमोर काढून घ्या. ‘घरी जाऊन काढतो, पासवर्ड आठवत नाही’ म्हणाला तर पैसे खिशात ठेवून बाहेर या.

जुना फोन देऊन टाकणार असाल तर त्यातलंही गूगल खातं आधी काढा, मग रीसेट करा. उलट क्रमाने केलंत तर फोन तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि घेणारा दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात येतो.