‘शिकवणे’ हे क्रियापद बाद झालं का?

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका छात्राध्यापिकेने विचारलं आहे: “छात्रसेवेच्या, म्हणजे शाळेतल्या सराव-अध्यापनाच्या, चिंतनवहीत मी ‘आज चौथीला भागाकार शिकवला’ असं लिहिलं. मार्गदर्शकांनी ‘शिकवला’ खोडून ‘सुलभन केले’, म्हणजे शिकणं सोपं करून दिलं, असं केलं. आता शिक्षण विद्यार्थीकेंद्रित आहे, शिक्षक हा सुलभक आहे, म्हणून ‘शिकवणे’ म्हणायचं नाही, असं ते म्हणाले. हा शब्द खरंच जुना झाला का? आणि ‘विद्यार्थीकेंद्रित’ की ‘विद्यार्थिकेंद्रित’?”

आधी लेखनाचं सांगतो, ते सोपं आहे. मूळ संस्कृत शब्द ‘विद्यार्थिन्’. मराठीत तो एकटा आला की शेवट दीर्घ होतो: विद्यार्थी, प्राणी, मंत्री. समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व राहतो: प्राणिसंग्रहालय, मंत्रिमंडळ, तसंच विद्यार्थिकेंद्रित. ‘विद्यार्थिनी’ मात्र मुळातच दीर्घान्त, म्हणून विद्यार्थिनीकेंद्रित. एवढं सांभाळायला नको असेल तर ‘बालकेंद्री’ लिहा. तो सुटसुटीत आहे, मुलगा-मुलगी दोघांना धरून आहे आणि मला स्वतःला जास्त आवडतो.

आता मुख्य प्रश्न. मला तुमचा ‘शिकवला’ बरोबर वाटतो, आणि तो का बरोबर वाटतो हे नीट सांगावंसं वाटतं.

‘शिकणे’ हे संस्कृत ‘शिक्ष्’ धातूपासून, प्राकृत ‘सिक्खइ’वरून आपल्याकडे आलं. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या धातूचा अर्थ ‘विद्योपादाने’ असा दिला आहे, म्हणजे विद्या घेणे. देणे नव्हे. त्याच्याही मागे गेलं तर हा धातू ‘शक्’चं इच्छार्थक रूप आहे. ‘शक्’ म्हणजे जमणे, समर्थ असणे. शक्ती, शक्य हे त्याच घरातले. तेव्हा ‘शिकणे’ म्हणजे मुळात ‘जमावं अशी इच्छा धरणे’. ही इच्छा शिकणाऱ्याची असते, दुसऱ्या कुणाला ती त्याच्या वतीने धरता येत नाही.

मग ‘शिकवणे’ कसं झालं? बसणे–बसवणे, हसणे–हसवणे, चढणे–चढवणे, तसंच शिकणे–शिकवणे. याला आपण शाळेत प्रयोजक क्रियापद म्हणून शिकलो. ‘मुलगी भागाकार शिकते’ या वाक्यात मुलगी कर्ता आहे. ‘बाई मुलीला भागाकार शिकवतात’ असं म्हटलं की कर्त्याच्या जागी बाई येतात आणि मुलीला ‘ला’ लागतो, पण शिकण्याची क्रिया तिच्याकडेच राहते. व्याकरणात अशा मुलीला प्रयोज्य कर्ता म्हणतात. बाळ हसलंच नाही तर आईने ‘हसवलं’ असं कुणी म्हणत नाही. फार तर हसवायला बघितलं म्हणेल. तोच न्याय शिकवण्याला लावला तर मूल शिकलं नाही तेव्हा आपण शिकवायला बघितलं, शिकवलं नाही. ज्या विद्यार्थिकेंद्री विचारासाठी नवा शब्द आणला जातोय, तो या जुन्या क्रियापदात आधीपासून भरलेला आहे. ‘अध्ययन–अध्यापन’ ही जोडीही अशीच: अध्यापन म्हणजे अध्ययन करवणं.

आणि हाच ‘व’ मराठीत आणखी एक काम करतो. ‘आजोबांना आता बसवतं’ म्हणजे बसणं जमतं. हे शक्य क्रियापद. करवणं आणि जमणं या दोन्हींसाठी भाषेने एकच खूण ठेवली, हे मला फार सुंदर वाटतं.

घरातली भाषाही हेच सांगते. आई मुलांचा ‘अभ्यास घेते’, पाढे ‘म्हणून घेते’. तालमीत वस्ताद पोरांकडून मेहनत ‘करून घेतो’, त्यांच्या वाटणीचे जोर तो मारत नाही. (‘तालीम’ हा अरबी शब्दही ‘जाणणे’चं प्रयोजक रूप आहे. उत्तरेत त्याचा अर्थ शिक्षण असाच राहिला, आपल्याकडे तो आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात गेला.) नुसतं कानात ओतून घोकून घेण्यासाठी मराठीत वेगळं क्रियापद आहे: पढवणे. पोपट पढवतात, साक्षीदार पढवतात. खोडायचंच असेल तर ते खोडावं.

‘सुलभक’बद्दल माझी तक्रार मर्यादित आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, जिथे सगळे प्रौढ आणि बरोबरीचे असतात, तिथे तो शब्द चपखल बसतो. पण ‘सुलभ’ म्हणजे सहज मिळणारं. चौथीतलं मूल भागाकारात बाकी का उरते यावर दहा मिनिटं अडतं, काड्यांचे गट मांडतं, मोडतं, पुन्हा मांडतं. त्या दहा मिनिटांत बाईंनी ते सुलभ न करणं हेच शिकवणं असतं.

मार्गदर्शकांचा हेतू मात्र मी समजू शकतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये आला, त्यातून ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार) हा शब्द शाळाशाळांत पोचला. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 29ने कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने शिकण्याचा आग्रह धरला, आणि कलम 17ने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. इथे आपल्या भाषेतली एक दुखरी जागा दिसते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, संस्कृतातही तेच. मराठीत तोच शब्द छडीला आणि अंगठे धरून उभं राहण्याला चिकटला, आणि विद्येसाठी ‘शिक्षण’ वेगळा काढावा लागला. धडा ‘शिकवणे’ यालाही आपण अद्दल घडवण्याचा अर्थ दिला. पिढ्यान् पिढ्या वर्गात काय चाललं होतं याची ही भाषेत उरलेली खूण आहे. शब्द बदलायची घाई होते ती या ओझ्यामुळे.

तरीही ‘शिक्षा’चा जुना अर्थ मराठी मुलखात अगदीच पुसला गेला नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला सुरू केलेल्या आणि 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेलेल्या संस्थेचं नाव होतं ग्राम बाल शिक्षा केंद्र. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची असत. मग शाळाच कुरणात गेली, आणि तिला नाव मिळालं ‘कुरणशाळा’. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं, एवढा सगळा विचार त्या पाच अक्षरांत आहे आणि वारली आईलाही तो समजावून सांगावा लागत नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्दही याच कामातून आला. शिक्षणात नवा शब्द घडवायचा तर असा घडवावा.

तुमच्या वहीसाठी एवढंच सुचवतो: ‘शिकवला’ ठेवा, पण त्याच्या पुढे कोण शिकलं, कुठे अडलं, हे लिहा. ‘आज भागाकार शिकवला. वर्गातल्या बहुतेकांना समान वाटे जमले. बाकी उरली की तिघं थांबतात, उद्या त्यांच्याबरोबर काड्या घेऊन बसणार.’ मार्गदर्शकांनी पुन्हा खोडलं तर त्यांना प्रयोज्य कर्त्याचं वाक्य दाखवा. आणि पाठाच्या टाचणात ‘विद्यार्थिकेंद्रित’मधला ‘थि’ ऱ्हस्व करायला विसरू नका.